मोडक्या वस्तूंचा शनिवार

जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक खडूची भुकटी आणि दुसरे किस्से! भुकटी निदान झटकता तरी येते. किस्से मात्र बदलीच्या ऑर्डरबरोबर आपल्या मागे मागे नव्या शाळेत येतात. मी आता सेलूजवळच्या एका शाळेत आहे. मधल्या सुट्टीत डबे उघडले की इथल्या मॅडम म्हणतात, "तुमच्या त्या शाळेतलं काहीतरी सांगा ना!" मी म्हणते, एकच सांगते हं. सुट्टी संपल्याची घंटा होते आणि माझी पोळी डब्यात तशीच असते.

"ती शाळा" म्हणजे ताडकळसच्या पुढे, फाट्यावर उतरून दोन किलोमीटर आत. पहिली ते पाचवी, तीन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि दोन शिक्षक. एक मी, दुसरे आमचे मुख्याध्यापक बोराडे सर. शिवाय खिचडी शिजवणाऱ्या सुभद्रामावशी. त्या शिक्षक नव्हत्या, पण शाळा त्याच चालवायच्या असं माझं प्रामाणिक मत आहे! आठ वर्षं होते मी तिथे. आता वाटतं, जरा जास्त दिवस ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

*

शनिवारी शाळा दप्तराविना भरायची. दप्तर नाही, पुस्तक नाही, मग लेकरांना करायला द्यायचं काय? मी नवी होते, अंगात उत्साह मावत नव्हता. म्हटलं, "येत्या शनिवारी घरातली एकेक मोडकी वस्तू आणा. उघडून बघू आत काय असतं ते. जमलं तर नीट करू."

नियम एकच ठेवला. उघडलेल्या वस्तूचा बारीकसा स्क्रूसुद्धा हरवायचा नाही. सगळे सुटे भाग एका रुमालात बांधून ठेवायचे, म्हणजे जुळवणं राहिलं तर पुढच्या शनिवारी जुळवता येईल.

शनिवार उजाडला. बंद पडलेली बॅटरी आली, चावलेले रिमोट आले, एक अडकित्ता आला, आजोबांचं थांबलेलं घड्याळ आलं. आणि तिसरीतला सोपान मिक्सर कवटाळून आला! मी वायर जोडली, खटका दाबला. घुर्रर्र करून मिक्सर फिरायला लागला.

"सोपान, अरे हा तर चालू आहे!"

"व्हय मॅडम."

"मी मोडकी वस्तू आणायला सांगितली होती ना?"

सोपान शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमी उघडल्यावर मोडंलच की!"

लेकरू खोटं बोललं नाही. तो मिक्सर उघडला तो पुन्हा काही जुळला नाही. शेवटी माझ्या घरचा मिक्सर सोपानच्या घरी गेला आणि सोपानचा मिक्सर रुमालात बांधून शाळेत राहिला. त्याच्या आईने माझा मिक्सर नीट फिरतो का ते बघून घेतलं, आणि मग मुलाला बजावलं, "ह्याला हात लावशील तर बघ!"

*

महिन्याभरात आमची कीर्ती गावभर झाली. गावाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यात लग्नपत्रिका, हरवलेल्या शेळ्या आणि लाईट कधी येणार याच्या चौकशा असायच्या. पुढे त्यात दर शुक्रवारी संध्याकाळी एक मेसेज यायला लागला. कोण टाकायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"उद्या शनिवार. सर्वांनी आपापल्या वस्तू सांभाळाव्यात!"

*

आता बोराडे सरांच्या कपाटाबद्दल सांगायला हवं, कारण आमचा सगळा इतिहास त्या कपाटाभोवतीच घडला.

ऑफिसात हिरवं लोखंडी कपाट होतं. त्याला जाडजूड पितळी कुलूप. चावी सरांच्या आतल्या खिशात, दोऱ्याने बांधलेली. कपाटात शाळेला मिळालेलं विज्ञानाचं सामान होतं आणि वरच्या फळीवर एक खोकं होतं. खोक्यावर लिहिलेलं, "सूक्ष्मदर्शक, एक नग".

हे खोकं कोणी उघडलेलंच नव्हतं. आमच्याकडे मुख्याध्यापक बदलला की शाळेच्या एकूण एक वस्तूचा चार्ज द्यावा लागतो. जाणारा रजिस्टर वाचतो, येणारा वस्तू बघतो आणि सही करतो. खूप वर्षांपूर्वी एका हेडमास्तरांनी चार्ज घेताना खोक्याच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही ठोकली. म्हणजे सील! त्यांच्यानंतर आलेल्यांनी ती पट्टी जशीच्या तशी बघून घेतली, वर आपली पट्टी लावली, आपली सही केली. तशा चार झाल्या. बोराडे सरांची पाचवी.

सर माणूस वाईट नव्हते, भित्रे होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातून शाळेचा पृथ्वीगोल पडून फुटला होता. तालुक्याच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये त्यांना उभं केलं आणि विचारलं, "पृथ्वी फोडली ते तुम्हीच का?" सगळी सभा हसली. त्या दिवसापासून सरांनी शाळेच्या वस्तूला ना स्वतः हात लावला, ना दुसऱ्याला लावू दिला!

आणि गयाला तर त्या खोक्यातलंच बघायचं होतं. गया म्हणजे सोपानच्या वर्गातली मुलगी, दोन वेण्या आणि दोनशे प्रश्न. तिने पुस्तकात सूक्ष्मदर्शकाचं चित्र बघितलं होतं. तिसरीत असताना ती ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली. "सर, खोक्यातलं दाखवा की."

"मोठी झालीस की दाखवू."

"किती मोठी?"

"पाचवीत गेलीस की."

मोठी माणसं असं बोलतात आणि विसरतात. लेकरं विसरत नाहीत. पाचवीच्या पहिल्या दिवशी, प्रार्थना व्हायच्या आधी, गया ऑफिसच्या दारात हजर! "सर, आले पाचवीत!"

सरांचा चेहरा पडला. ते त्यांचंही शेवटचं वर्ष होतं. उन्हाळ्यात गया पाचवी संपवून ताडकळसच्या शाळेत जाणार होती आणि सर रिटायर होणार होते. तिला एकदा त्या नळीला डोळा लावायचा होता. सरांना एकही ओरखडा नसलेला चार्ज देऊन मान वर करून घरी जायचं होतं. दोघांचंही बरोबर होतं आणि हीच पंचाईत होती.

"अगं पण फुटलं तर?" सर कळवळून म्हणाले.

गया म्हणाली, "फुटलं तर शनिवारी आणू की!"

*

सरांच्या ऑफिसातला पंखा बंद पडला, तो किस्सा गया चौथीत असतानाचा. सरांनी वायरमनला तीन निरोप धाडले. तो आला नाही. चौथ्या दिवशी शनिवार होता.

मी मेन स्विच बंद केला, तोही तीनदा बघून. पंखा खाली उतरवला. लेकरांनी धूळ काढली, सुटलेली वायर सापडली. वायर मीच जोडली, लेकरांनी नुसतं बघितलं, हे मुद्दाम सांगते. पंखा वर गेला, मेन चालू केला, पंखा झोकात फिरायला लागला. टाळ्या!

पण वारा काही येईना. गयाने पंख्याकडे बघत हवेत बोट फिरवलं. "मॅडम, हा उलटा फिरायलाय! वारा वर चाललाय!"

कंडेन्सरची वायर मी उलट जोडली होती. लाजेने माझे कान गरम झाले. म्हटलं, "सर, मेन बंद करा, पाच मिनिटांत नीट करून देते."

सर टेबलावरच्या कागदांकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांनी प्रत्येक कागदावर दगड ठेवून काम केलं होतं. आता पंखा गरगर फिरत होता आणि एकही कागद हलत नव्हता.

"राहू द्या," सर म्हणाले. "एवढा शिस्तीचा पंखा मी आयुष्यात बघितला नाही!"

त्यांनी लगेच रजिस्टर उघडलं आणि पंख्यासमोर लिहिलं, "चालू स्थितीत".

*

आमच्या शाळेची घंटा म्हणजे गावाचं घड्याळ. तासाचे टोल ऐकून गावात कामं चालायची. मधल्या सुट्टीची घंटा झाली की शेजारच्या रानातल्या बाया खुरपं ठेवून भाकरीची फडकी सोडायच्या.

पण घंटा द्यायला दर वेळी एकाला वर्गातून उठावं लागायचं. गया आणि सोपानने डोकं चालवलं. पाण्याच्या कॅनला सुईएवढं छिद्र पाडलं. खाली एका दांडीला प्लॅस्टिकचा मग टांगला. तो थेंब थेंब भरला की दांडी कलायची, दोन तारा एकमेकींना चिकटायच्या आणि सेलवरची बेल वाजायची. ती ऐकून पहिलीतलं कोणीतरी पळत जाऊन खरी घंटा बडवायचं. आठवडाभर दोघं पाणी आणि घड्याळ घेऊन बसले, तेव्हा कुठे मधली सुट्टी बरोबर जमली.

एक दिवस छिद्रात कचरा अडकला. सोपानने तो काढायला दाभण घातला. कचरा निघाला, पण छिद्र दुप्पट झालं! मधल्या सुट्टीची घंटा तासभर आधी झाली. मी फळ्यावर गणित मांडत होते, मला वाटलं आज माझाच वेळ कुठे गेला. खिचडी अर्धी कच्ची. सुभद्रामावशी उलथनं घेऊन बाहेर आल्या, "कुनी वाजवली? कुनी वाजवली?"

तिकडे रानातल्या बाया कापूस वेचायचा सोडून बांधावर जेवायला बसल्या. शेताचे मालक तरातरा शाळेत आले. "काय चाललंय सर? बाया उठायला तयार न्हाईत! म्हनत्यात, शाळेची घंटा झाली!"

बोराडे सरांनी हात जोडले. मीही जोडले. छिद्र आजच बुजवतो असा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी पाच-सहा बाया फाटकाशी उभ्या. मला वाटलं, आता ह्यांचंही ऐकून घ्यावं लागणार. त्यांच्यातली एक पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, ते छिद्र बुजवू नका बरं का. लय चांगलं काम करायलेत लेकरं!"

*

पावसाळ्यात एकदा तालुक्याचे साहेब शाळा तपासायला आले. आमचा रस्ता काळ्या मातीचा. पाऊस झाला की माणूस चालत येतो आणि चप्पल मागून येते. साहेब मोटारसायकलवर कसेबसे पोचले.

पाचवीच्या वर्गात त्यांनी विचारलं, "तरफ म्हणजे काय? व्याख्या सांगा." वर्ग चिडीचूप. गयासुद्धा छताकडे बघायला लागली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी सोपानकडे बघितलं, सोपानने खिडकीबाहेर बघितलं.

साहेब नाराज होऊन निघाले आणि फाटकाजवळच्या नालीत त्यांची गाडी पुढच्या चाकाने रुतली. ओढली, ढकलली, जास्तच खोल गेली.

वर्गातून चार जण धावले. कुंपणाची लांब बल्ली आली, एक मोठा दगड आला. गया ओरडायला लागली, "दगड गाडीच्या जवळ सरकव! आपल्याकडची बल्ली लांब राहू दे! आता दाबा!" दोन लेकरं बल्लीच्या टोकाला लोंबकळली. चाक अलगद वर आलं. दोन मिनिटांचं काम!

साहेबांनी पाय धुतले, मावशींच्या हातचा चहा घेतला, लेकरांना शाबासकी दिली. मग शेरेबुक मागवलं आणि लिहिलं, "विद्यार्थ्यांना तरफ समजलेली नाही. सराव घ्यावा."

*

हा किस्सा सांगताना मला अजून ओशाळल्यासारखं होतं. आम्ही अंडी उबवायचं यंत्र केलं होतं. थर्माकोलचा डबा, आत जुना पिवळा बल्ब, वाटीत पाणी, एक थर्मामीटर. अंडी आणली दुकानातून. सहा अंडी, पांढरी शुभ्र. एकवीस दिवस लेकरं डब्याभोवती बसून होती. लाईट गेली की सुभद्रामावशी डबा उचलून चुलीच्या उबेला नेऊन ठेवायच्या. मावशींना काही बोलायचं होतं, असं मला मधूनमधून वाटायचं. पण लेकरांच्या तोंडाकडे बघून त्या गप्प बसायच्या.

एकविसाव्या दिवशी सकाळी डबा उघडला तर आत चिवचिव! टरफल फुटलेलं आणि ओलं पिल्लू लटपटत उभं! लेकरांनी शाळा डोक्यावर घेतली. बोराडे सर ऑफिसातून धावत आले. मी तर रडले, खोटं कशाला सांगू.

सगळे पिल्लाकडे बघत होते. गया टरफलाकडे बघत होती.

"मॅडम, आपुन तर पांढरी अंडी ठेवली होती. हे टरफल तांबूस कामून?"

मी टरफल हातात घेतलं. गावरान कोंबडीचं अंडं. दुकानातल्या अंड्यातून पिल्लू निघतच नसतं, हे विज्ञान शिकवणाऱ्या मला त्या क्षणी उमगलं! परभणीत वाढलेली मी, पिल्लू निघायला अंड्यामागे कोंबडाही असावा लागतो हे कोणी मला सांगितलंच नव्हतं. मी मान वर केली. दारात सुभद्रामावशी उभ्या होत्या. त्यांच्या घरी त्याच दिवसांत कोंबडी अंड्यांवर बसली होती.

मावशी जराही डगमगल्या नाहीत. "अगं माय, एकवीस दिस बल्बाखाली बसल्यावर कुनीबी काळवंडंलच की!"

*

पाचवीचा उन्हाळा आला. गया रोज दारात उभी राहायची. आता विचारायचीसुद्धा नाही, नुसती कपाटाकडे बघायची. सर नजर चुकवून रजिस्टरात डोकं घालायचे. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही कीव यायची.

एप्रिलमध्ये गयालाच कपाटामागच्या भिंतीवर मातीची बारीक रेघ दिसली. वाळवी! आता इलाज नव्हता. सरांनी दोरा ओढून चावी काढली, कुलूप उघडलं आणि लेकरांना म्हणाले, "एकेक वस्तू उचला. हळू. लेकरांनो, हळू!"

वरच्या फळीवरचं खोकं उतरवायला सरांनी गयाला स्टुलावर चढवलं. ते तिनेच उतरवावं असं त्यांना वाटलं, एवढं मला दिसलं. गयाने खोकं दोन्ही हातांत घेतलं आणि ती तिथेच थांबली. शनिवारी तिने इतक्या वस्तू उचलल्या होत्या, की लोखंड किती जड आणि काच किती जड हे तिच्या हातांना माहीत होतं.

"सर, हे लय हलकं हाय."

सरांनी खोकं घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदाच उचललं होतं. ते खुर्चीवर बसले. मग ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि पाचही सह्या कापल्या, आधी स्वतःची.

आत थर्माकोल होता. थर्माकोलमध्ये सूक्ष्मदर्शकाच्या आकाराचा खळगा होता. नळीची जागा, पायाची जागा, सगळं बरोबर. फक्त सूक्ष्मदर्शक नव्हता. तो कधी गेला, कोणी नेला, देव जाणे. पहिली पट्टी लागली तेव्हाच खोकं रिकामं असणार.

गयाच्या डोळ्यांत पाणी भरलं. मी सरांना बाजूला घेतलं आणि आयुष्यात दिला नाही इतका वाईट सल्ला दिला. म्हटलं, "सर, नवी पट्टी लावा, सही करा. आतापर्यंत चालत आलंय, आताही चालेल. कोणाला कळणार आहे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते गयाकडे बघत होते. "तिला कळलंय ना," ते म्हणाले.

रजिस्टर उघडून त्यांनी लिहिलं, "खोके उघडले असता रिकामे आढळले." खाली सही केली. मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली.

गयाने नाक पुसलं. ती खळग्यात बोट फिरवत होती. मग म्हणाली, "मॅडम, माप तर हायेच की."

*

मग दोन आठवडे आम्हाला दुसरं काही सुचलं नाही. बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर गावात कोणाकडे आहे याची चौकशी झाली, आणि गावाने पहिल्यांदाच आपणहून वस्तू दिल्या! प्लेअरमधून मसुराएवढं भिंग निघालं. मोडक्या छत्रीच्या काड्यांचा सांगाडा झाला. पेनाची नळी झाली. खालून उजेड पाडायला मावशींनी पावडरच्या डबीचा आरसा दिला. भिंग वरखाली करायला गोल मूठ हवी होती, ती सोपानच्या मिक्सरच्या रुमालातून निघाली. सारखं खळग्यात बसवून बघायचं, घासायचं, पुन्हा बसवायचं.

शेवटी आमचा सूक्ष्मदर्शक खळग्यात बसला. अगदी घट्ट.

गयाने कांद्याच्या आतली पातळ साल काढली, काचेवर ठेवली आणि डोळा लावला. बराच वेळ ती हललीच नाही. मग तिने डोळा काढला आणि म्हणाली, "सर, आता तुमी."

सर वाकले. चष्मा वर केला, मूठ हळूच फिरवली. "विटा..." ते पुटपुटले. "विटांची भिंत दिसायली गं!" आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आधीच्या शाळेत ते सातवीला विज्ञान शिकवायचे. कांद्याच्या पेशींची आकृती फळ्यावर त्यांनी किती वेळा काढली असेल! मागे वळून ते मला म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं मी पेशी काढल्या. बघितल्या आज."

*

सुट्टी लागायच्या आधी, सोमवारी, चार्ज द्यायचा ठरला. नवे मुख्याध्यापक आले. तरुण होते, इस्त्रीचा शर्ट, हातात पेन. मावशींनी चहा ठेवला. गया आणि सोपान निकाल घेऊनही घरी गेले नव्हते, खिडकीत उभे होते. बोराडे सर त्या दिवशी पांढरा सफारी घालून आले होते. रजिस्टर उघडून ते एकेक ओळ वाचायला लागले.

"टेबल, तीन."

नव्या सरांनी खूण केली.

"पंखा, एक. चालू स्थितीत."

नव्या सरांनी वर बघितलं, कपाळावरचा घाम पुसला. "सर, हा उलटा फिरतोय."

"रजिस्टरात दिशा लिहायचा रकाना नाही," बोराडे सर म्हणाले. "पुढे. सूक्ष्मदर्शक, एक."

नव्या सरांनी खोकं उघडलं. छत्रीच्या काड्या बघितल्या, मिक्सरची मूठ बघितली, पावडरच्या डबीचा आरसा बघितला. "हा काय प्रकार आहे?"

मी पुढे होणार होते. सरांनी हातानेच मला थांबवलं आणि रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. "वाचा. सगळं लिहिलंय. खोकं रिकामं होतं. हा इथल्या लेकरांनी केलाय. गया, दाखव."

गया आत आली. मेलेल्या माशीचा पंख तिने काचेवर ठेवला, आरसा खिडकीकडे फिरवला. नवे सर नाइलाजाने वाकले. वाकले ते वाकलेच. मावशींनी आणलेला चहा निवून गेला. "अरे बापरे!" एवढंच ते म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने त्यांनी पुढे लिहिलं, "चालू स्थितीत".

बोराडे सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं संपलं. आता नमस्कार होतील, नारळ दिला जाईल, सर पिशवी उचलून फाट्याकडे निघतील.

पण नवे सर व्यवस्थित माणूस निघाले. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "एक राहिलं की. कुलूप, पितळी, एक नग. कपाटाला तर दिसत नाही."

मी कपाटाकडे बघितलं. खरंच, कडी नुसतीच लोंबत होती.

बोराडे सरांनी सफारीच्या खिशात हात घातला. एक रुमाल काढला, टेबलावर ठेवला आणि सावकाश गाठ सोडली. आत एक स्प्रिंग, चार पितळी पट्ट्या, दोन खिळे, कुलपाचा उघडा सांगाडा आणि दोरा बांधलेली चावी. एकही वस्तू हरवलेली नव्हती.

"मोजून घ्या," ते म्हणाले.

नवे सर त्या ढिगाकडे बघतच राहिले. "पण सर, हे असं कसं झालं?"

खिडकीत सोपानने तोंडावर हात ठेवला. बोराडे सरांनी सफारीचं बटण नीट केलं, मान वर केली आणि म्हणाले,

"परवा शनिवार होता!"